मुशीचं तेल

आमचे हे, वली, गलबतांचे सुतार. दाभोळपासून दुबईच्या खाडीपर्यंत त्यांनी हात लावलेलं एकही गलबत गळलं नाही, आणि हे मला ऐकवल्याशिवाय त्यांचा घास खाली उतरत नसे.

मी बरदुबईत एल्झाबाईंकडे घरकाम करायचे. बाई जर्मन, ऐंशीला टेकलेल्या. दुसऱ्या मोठ्या लढाईआधी पळून मुंबईला आल्या, पियानो शिकवून पोट भरलं आणि म्हातारपणी भाच्याच्या नोकरीमागे या रेताडात येऊन पडल्या. हिंदी मुंबईची, स्वभाव लष्करी. माझ्या शहनाझला पियानोसमोर बसवायच्या आणि बोट चुकलं की पेन्सिलीने टोचायच्या. माझा जीव जळायचा, पण पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा पळत जायची.

बाईंकडे तो पियानो होता आणि बापाच्या गोष्टी. बाप योहान रेमर, जुन्या काळातला माणूस. तरुणपणी राजवाड्यांतून वाजवायचा. बाईंच्या जन्माच्या वेळीच त्याची बायको गेली, त्या दुःखात त्याने एक धून बांधली. पुढे उजव्या हाताला लकवा झाला. राजवाडे बंद, टाळ्या बंद. उरलेली हयात श्रीमंतांच्या मुलींना शिकवण्यात गेली, आणि त्यातल्या निम्म्या बहिऱ्याच होत्या, असं बाई म्हणायच्या. ती धून त्याने एकट्या लेकीला दिली. लिहिलेले कागद तिकडे लढाईत घराबरोबर जळाले.

"मेरे बाद मेरा बाप खलास," बाई म्हणायच्या. "शहनाझ सीखेगी तो बचेगा."

धून निम्मी शिकवून झाली आणि बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. भर उन्हाळ्यात भाच्याबरोबर ऑपरेशनला मुंबईला निघाल्या. किल्ली वलींच्या हातात देऊन म्हणाल्या, "लकडी का ध्यान रखना, वली. फटना नहीं चाहिए."

बंद घर, वर आग ओकणारं ऊन. पियानोच्या मागच्या फळीला चीर गेली. वलींनी डोक्याला हात लावला.

"बाई येईपर्यंत हात लावू नका हो," मी म्हटलं.

"लाकूड ते लाकूड. जबान दिली आहे मी. तू मला सुतारकी शिकवू नको."

मग गलबताला करतात तेच केलं. मुशी माशाचं तेल कढवलं, त्यात कापूस भिजवून चिरेत ठासला, फळ्यांना दोन-दोन हात दिले. तारा गंजू नयेत म्हणून तारांना चोपडलं, तारांवर आपटणाऱ्या लोकरीच्या हातोड्यांनाही पाजलं. घरभर मासळीबाजार सुटला होता आणि हा माणूस वरातीतल्या नवऱ्या मुलासारखा खूश.

बाई परतल्या त्या आवाज गमावून. गळ्याला बँडेज, नुसता श्वास घरघरायचा. झाकण उघडून त्यांनी एक पट्टी दाबली. थप. दुसरी दाबली. थप.

वली शाबासकीची वाट बघत शेजारी उभे. "बाई, अब अंदर पानी भी नहीं जाएगा."

बाईंनी बोटांचं तेल बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. ओरडायला गळा नव्हता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. वलींना कळलं तेव्हा ते तिथेच खाली बसले.

दुसरा पियानो इंग्रज साहेबांच्या क्लबात होता. भाच्याने विचारून पाहिलं. नोकराणीच्या पोरीला आत घेणार नाही म्हणाले, आणि बाईंना तर आता जिना उतरवत नव्हता.

बाईंनी शहनाझला बोलावलं आणि त्याच मेल्या पियानोवर राहिलेली धून शिकवायला घेतली. बोट धरून पट्टीवर ठेवायच्या. थप, थप. त्यांना आतून ऐकू येत असावं, कारण एका जागी डोळे भरून यायचे. शहनाझ म्हणायची, "बाई, गाके बताओ ना." बाई गळ्याला हात लावून मान हलवायच्या.

थंडी सुरू होता होता धून पुरी झाली. बाई त्यानंतर लगेच गेल्या.

शहनाझ अजून जेवणाच्या टेबलावर बोटं चालवते. निम्म्यापर्यंत सोबत गुणगुणते. मग गुणगुणणं थांबतं, बोटं चालूच राहतात.

"पुढे कसं आहे ग?" मी एकदा विचारलं.

"आय डोन्ट नो, अम्मी."

ती जागा आली की वली ताट तसंच ठेवतात आणि चपला घालून बाहेर जातात.