गाडीत पाणी होतं

"गाडीत पाणी नव्हतं. एवढं कबूल कर, मग पुढचं बोलू."

साठवणे साहेब ऑफिसच्या पायरीवर उभे होते. वडिलांची तेरवी आटोपून ते आजच नागपूरहून सौंसरला परतले होते. डोक्यावर केसांचे खुंट उगवू लागले होते. त्यांनी अजून पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. समोर अंगणात जुन्या सरकारी अँबॅसिडरजवळ गुणवंता ड्रायव्हर उभा होता. ऑफिसातले सगळे बाबू खिडकीला लागले होते.

"होतं, साहेब. सकाळी मीच भरलं. काठोकाठ."

"मग गेलं कुठे? तू प्याला?"

खिडकीत कोणीतरी हसलं.

"गळून राहिलं असन कुठून तरी."

"असन! बावीस वर्षं गाडी चालवून राहिला, आणि मला सांगतो, असन!" साहेबांचा आवाज चिरकला. "चार दिवसात मिस्त्रीचा रिपोर्ट आण. गळती निघाली नाही, तर तू ड्रायव्हर नाहीस."

ते आत गेले. गुणवंता तिथेच उभा राहिला. संताप आला की त्याचे कान तापत. आत्ता ते तापले होते.

चौदा दिवसांपूर्वी, शहाऐंशीच्या मार्चमधल्या एका दुपारी, नागपूरहून फोन आला होता. वडिलांचा श्वास लागलाय, लगेच निघा. पाच मिनिटांत गुणवंताने गाडी रस्त्याला लावली होती. लोधीखेड्याचा फाटा मागे पडला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ. गुणवंता पळत शेतातल्या विहिरीवर गेला आणि डबा भरून पाणी घेऊन आला.

"ओत!" साहेब ओरडले होते.

"आत्ता ओतलं तर इंजिन तडकन, साहेब. थंडं होऊ द्या."

"मी म्हणतो ओत!"

त्याने ओतलं नाही. साहेबांनी त्याला मायबहिणीवरून शिवी दिली, संत्र्यांच्या पेट्या भरलेला एक ट्रक हात दाखवून थांबवला आणि ते निघून गेले. ते दवाखान्यात पोचले तेव्हा वडिलांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. म्हातारा शेवटपर्यंत दाराकडे बघत "विनू आला का?" म्हणून विचारत होता, हे बहिणीने त्यांना रडता रडता सांगितलं. तिने ते सांगायला नको होतं. ऑफिसात ही गोष्ट साहेबांच्या आधीच येऊन पोचली होती.

दुपारी हेडक्लार्क सुरेशबाबूंनी मेमोचा कागद गुणवंताच्या हातात दिला.

"लिहून दे ना बाप्पा, भुललो म्हणून. एक ठपका बसन. माणसाचा बाप मेला, त्याले कोणावर तरी राग काढाच लागते."

"काढू द्या. पण जे मी केलंच नाही ते काहून लिहू?"

"लय अकड हाय तुले."

"अकड नाही जी. पाणी होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन पांढुर्ण्याला निघाला. रस्त्यात दोनदा थांबून, इंजिन थंड करून त्याने पाणी घातलं. दोन्ही वेळा गाडीखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती. पाणी कमी होत होतं, आणि एक थेंबही दिसत नव्हता. आपण खरोखरच भरलं होतं ना, असा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला. त्या विचाराचा त्याला इतका राग आला की त्याने बॉनेट धाडकन आपटलं.

स्टेशन रोडवरचा बापूजी मिस्त्री सरकारी गाड्यांची कामं करायचा. त्याचं आणि गुणवंताचं कधीच पटलं नव्हतं. गुणवंता त्याच्या कामात चुका काढतो, अशी बापूजीची तक्रार होती आणि ती खरी होती.

"आलं का सौंसरचं इंजिनिअर!" बापूजी म्हणाला. "ऐकलं मी. साहेबाच्या बापाले भेटू नाही देल्लं म्हणे तू."

"गाडी पाहा. मले पाहाले नाही सांगतलं तुले."

बापूजीने रेडिएटर भरला आणि गाडी चालू ठेवली. रबरी पाइप दाबून पाहिले, क्लिपा पाहिल्या, रेडिएटरच्या जाळीवरून बोट फिरवलं. तेलाची काडी काढून बघितली. तेलात पाणी मिसळलेलं नव्हतं. अर्धा तास झाला. खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडाच राहिला.

"नाही गळत," बापूजी हात पुसत म्हणाला. "लिहून देतो तसं."

"तसंच लिहिशीन तर हात तोडीन तुझा."

बापूजी पाना हातात घेऊन वळला. "काय म्हणलं?"

"गाडी उभी हाय म्हणून नाही गळत. घाटावर चढते तशी पळव तिले. एक्सलेटर दाब."

"तूच दाब ना! इंजिन उडालं तर तूच भर."

गुणवंता गाडीत बसला. त्याने पाय दाबून धरला. इंजिन किंचाळू लागलं, पत्र्याचं छप्पर थरथरलं, शेजारचा टायरवाला शिव्या देत बाहेर आला. काटा चढत गेला. लाल रेषेच्या अलीकडे गुणवंताने गाडी बंद केली, उतरला, आणि भिंतीवरचा बापूजीचा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढून पंख्याच्या मागे धरला.

"बॅटरी मार इकडे."

बापूजीने नाइलाजाने टॉर्च धरला. आरशात वॉटर पंपाची खालची बाजू दिसली. तिथे कंपनीनेच ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून बाहेर येतं. त्या भोकाशी एक थेंब लटकलेला होता. तो सुटला, तसा दुसरा आला. आणि भोकापासून मागे, इंजिनच्या अंगावर, चुन्याने फटकारे मारावे तसे पांढरे डाग वाळले होते.

बापूजीने टॉर्च आणखी जवळ नेला.

"गाडी पळते तवाच गळते," बापूजी शेवटी म्हणाला. "पंखा पाणी मागं फेकते, गरम इंजिनवर ते वाळून जाते. खाली काय पडन?" त्याने पंख्याचं पातं धरून मागेपुढे हलवलं. पंपाचा दांडा खुळखुळ वाजला. "बेरिंग बी गेली. कई महिन्यांपासून गेली असन. आवाज नाही आला तुले?"

"आला ना. दिवाळीच्या वक्तालेच आला होता. अर्ज देल्ला होता मी."

"मग?"

 त्या अर्जावर लाल शाईत काय लिहून आलं होतं, ते गुणवंताला आत्ता आठवलं. फिलहाल आवश्यकता नहीं. खाली सही. विनायक साठवणे.

पंप उतरवायला, नवा बसवायला दुपार झाली. पंपाच्या जागी चिकटलेला जुना गॅस्केट गुणवंताने स्वतः खरवडला, कारण बापूजी घाई करतो हे त्याला माहीत होतं. बापूजीनेही त्याला खरवडू दिला. रिपोर्ट लिहिताना त्याने दोनदा विचारून शब्द नीट लिहिले, आणि जुना पंप वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. निरोप मात्र दोघांनीही घेतला नाही.

चार वाजता गुणवंता सौंसरला पोचला. गाडी अंगणात लावून त्याने बॉनेट उघडं ठेवलं आणि पंप घेऊन तो साहेबांच्या खोलीत गेला. सुरेशबाबू फाइली घेऊन तिथेच उभे होते.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. पंपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे महिनोन् महिने खराब होता. आणि तू गप्प बसला. हे तर आणखीच वाईट."

सुरेशबाबूंनी साहेबांच्या मागून मान हलवली. नको. त्यांना तो कागद ठाऊक होता. फाइल त्यांच्याकडेच असायची.

गुणवंता साहेबांच्या डोक्यावरच्या त्या खुंटांकडे बघत होता. सांगितलं तर हा माणूस जन्मभर काय घेऊन जगेल, हे त्याला कळत होतं. गुणवंताचे स्वतःचे वडील गेले तेव्हा तो जवळ होता. पण चौदा दिवस सौंसरच्या बाजारात त्याच्याकडे बोट दाखवलं जात होतं.

"गप्प नाही बसलो, साहेब. दिवाळीत अर्ज देल्ला. फाइलीत हाय. तुमची सही हाय त्याच्यावर."

साहेबांनी हात पुढे केला. सुरेशबाबूंना फाइल द्यावी लागली. एक एक पान उलटण्याचा आवाज येत राहिला, आणि मग थांबला. 

साहेब उठले, कोणाकडेही न बघता बाहेर अंगणात आले आणि उघड्या बॉनेटपाशी उभे राहिले. नवा पंप काळ्या इंजिनवर चकाकत होता. अचानक त्यांनी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

गुणवंता धावला. त्याने साहेबांचं मनगट पकडून मागे ओढलं.

"सोड!"

"गरम हाय! तोंड भाजन तुमचं!"

"हात सोड माझा!"

"थंडं होऊ द्या, मंग सोडतो!"

खिडकीत पुन्हा सगळे जमले होते. या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांचा हात ढिला पडला, तेव्हा गुणवंताने तो सोडला. मनगटावर काळी बोटं उमटली होती.

"किती वेळ लागतो?" साहेबांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

दोघे वीस मिनिटं उभे राहिले. एकाच गाडीच्या दोन बाजूंना, उन्हात. कोणी खुर्ची आणली, ती साहेबांनी परत पाठवली. एकदा ते म्हणाले, "त्या दिवशी ओतलं असतंस, तर?"

"ब्लॉक तडकला असता. तरी तुम्ही नसतेच पोचले."

 वेळ झाल्यावर गुणवंताने फडकं टाकून झाकण फिरवलं, आधी अर्धं, मग पूर्ण. पाणी काठोकाठ होतं. साहेब वाकले, त्यांनी ते पाहिलं आणि सरळ झाले.

"उद्यापासून चावी विजय ड्रायव्हरकडे दे," ते म्हणाले. "तू पांढुर्ण्याच्या स्टोअरवर जा. तुझं तोंड मला रोज बघायचं नाही."

"मेमो?"

"मेमो नाही."

ते आत निघून गेले.

गुणवंताने झाकण बसवलं, बॉनेट बंद केलं आणि दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. चावी सुरेशबाबूंच्या टेबलावर ठेवली. सुरेशबाबू काहीतरी बोलू लागले, पण तो थांबला नाही. गाडीचं दार उघडून त्याने ड्रायव्हरच्या सीटवरची छोटी गादी काढली. तो उंचीने कमी होता. रस्ता नीट दिसावा म्हणून बायकोने, प्रमिलाने, जुन्या लुगड्याची ती शिवून दिली होती. बसून बसून तिचा मधला भाग पातळ झाला होता.

ती काखेत धरून तो बाजारातून पायी निघाला. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. पानठेल्यावरच्या मोरेश्वरने हाक मारली.

"काय गुणवंताभाऊ, गादी कुठं घेऊन चालले?"

"घरी," तो म्हणाला, आणि गादीवरची धूळ झटकून, ती दुसऱ्या काखेत घेऊन चालत राहिला.