दांड्यावरचं तोरण

मी एक जुनं यंत्र आहे, मित्रांनो. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत खिडकीजवळ उभं आहे. माझ्या पोटात छोटी भट्टी आहे. तिच्यात बोटाएवढी पोलादी कांडी अडकवतात आणि ती तापवून वजनानं ताणत ठेवतात. वजनं असतात माझ्या आडव्या दांड्याच्या टोकाला. तिथं एक किलो टांगलं की कांडीला दहा किलोचा ताण बसतो.

पोलादसुद्धा सतत ओझं वाहून केसाकेसानं लांबतं बरं का. डोळ्यांना ते दिसत नाही. माझी सुई मात्र कागदावर त्याची रेघ ओढत राहते. या लांबण्याला क्रीप म्हणतात. एक चाचणी हजार तासांची, म्हणजे बेचाळीस दिवसांची. तेवढे दिवस ओझं कमी नको, जास्त नको.

माझा जन्म पुण्याच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा लोक मला बघायला यायचे. आता शेजारी संगणकाची यंत्रं आली आणि माझ्याकडं वळणारे दोघंच उरले. एक नाथाजी, पलटणीतून निवृत्त होऊन इथं कंत्राटावर लागलेला, गावच्या सप्ताहात वीणेकरी. दुसरी मलकापूरची स्वप्नाली, नवी इंजिनिअर. नाथाजीनं पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, "मॅडम, कीर्तनात वीणा खाली टेकवायची नसती. एकाच्या गळ्यातनं निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. ह्या मशीनचं बी तसंच हाय."

गेल्या वर्षी शिरवळला बोल्ट बनवणाऱ्या जयराजचं पोलाद माझ्याकडं आलं. साखर कारखान्याच्या बॉयलरसाठी त्याला पहिल्यांदाच काम मिळालं होतं. चाचणीत ते उतरलं नाही, तर सगळा माल भंगारात जाणार होता.

सव्विसाव्या दिवशी खंडेनवमी आली. बाकीची यंत्रं बंद करून पुजली. मला बंद करता येत नव्हतं. नाथाजीनं मला पुसलं, कुंकू लावलं आणि भक्तीच्या भरात माझ्या दांड्याच्या टोकाला पाच नारळांचं तोरण बांधलं. मला ओरडता आलं असतं तर! दोन दिवस सुट्टी होती. दोन दिवस ती कांडी जादा ओझं सोसत राहिली.

दसऱ्यानंतर नाथाजीनं तोरण सोडलं, नारळ फोडले, सगळ्यांना प्रसाद वाटला. खोबरं चघळत स्वप्नालीनं माझा कागद उलगडला आणि ती थांबली.

"काका, रेघ एकदम वर गेलीय. जयराजदादांचा माल फेल लिहावा लागणार."

नाथाजीनं हातातलं खोबरं खाली ठेवलं. नळावर गेला, तोंड धुऊन परत आला.

"मॅडम, प्रसाद खाल्लासा न्हवं? त्यो हितनंच काढलाय." त्यानं दांड्याच्या टोकाला बोट लावलं. "म्या तोरण बांधलं हुतं. देवाचं कसलं आलंय ओझं, असं वाटलं."

स्वप्नाली खुर्चीत बसली. "पाच नारळ, तीन किलो तरी. म्हणजे तीस किलो ताण वाढला की, काका. मला वर लिहून कळवावं लागेल."

"कळवा."

"गप्प बसला असता, तर मला कधी कळलं नसतं."

"पर एकादशीला वीणा गळ्यात घ्यायची हाय. ती कशी पेलली असती?"

नाथाजीला ताकीदपत्र मिळालं, नोकरी राहिली. दुसरी कांडी लावून बेचाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. जयराज फोनवर कुरकुरला, "आवं, एवढ्या दिसांत कोथिंबीर पेरून बाजारात न्हेली असती."

ती कांडी टिकली. लांबली, पण मापात लांबली. जयराज कंदी पेढे घेऊन आला आणि आनंदानं डबा माझ्या दांड्यावर ठेवू लागला. नाथाजीनं त्याचं मनगट धरलं. "गड्या, तितं न्हाई."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी न बोलता ओझं धरून उभं असेल. ते दिसत नाही म्हणून त्याच्या अंगावर आणखी काही टांगू नका, मायेनंसुद्धा.

यंदाच्या खंडेनवमीला नाथाजीनं दांड्याला हातही लावला नाही. झेंडूचं एकच फूल माझ्या पायाशी जमिनीवर ठेवलं आणि लांबून नमस्कार केला. माझ्या सुईची रेघ जराही ढळली नाही. ती पूजा मला पोचली.