शमशोनाचं जातं

मित्रांनो, माझ्यावर बसायचं तर खुशाल बसा, पण पाय हलवू नका. मला फिरावंसं वाटू लागतं. मी एक जुनं जातं आहे आणि स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. पाथरवटाने घडवलं तेव्हापासून माझी वरची तळी उतावीळच आहे.

शेंदूरजनाघाटला खुशालरावांची संत्र्याची बाग होती. त्यांच्या घरी मी आलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, राज्य इंग्रजांचं. पहाटे त्यांची बायको सुभद्रा एकटीच दळायला बसे, ओव्या म्हणे. खुशालराव निवांत घोरत. पुरुषाने जात्याला हात लावला तर गाव नावं ठेवी.

मग अमरावतीहून वामनराव मास्तर आले. नाटक कंपनीत पायपेटी वाजवून त्यांचे केस पिकले होते. तिकडे चर्चमध्ये त्यांनी बायबलातली एक मोठी कथा गायलेली ऐकली होती. चाली दोनशे वर्षांपूर्वीच्या, विलायती आणि भरजरी. पण गाणारे सगळे ओळीत उभे. कोणी बोटसुद्धा हलवलं नाही! "एवढा दगा, एवढी लढाई, अन् सारे खांबावानी उभे!" मास्तर हळहळत. ती कथा मराठीत, नाटकासारखी रंगवायची, हे वेड त्यांच्या डोक्यात शिरलं. मला ते वेड फार आवडलं.

कथा शमशोन नावाच्या महाबलीची. शत्रू त्याला दग्याने पकडून त्याचे डोळे फोडतात आणि साखळदंड घालून त्याला तुरुंगात दळायला बसवतात. शमशोन झाले खुशालराव, कारण पंचक्रोशीत तसा आवाज नव्हता. जातं अर्थातच मी.

"मास्तर, मी उभ्यानंच गातो. जातं नको," खुशालराव अडून बसले. "वरूडले नाटक पाह्यले माहे सोयरे येतीन. बायकी काम करताना पाहून हसतीन. मंग मी तोंड कुठं दाखवू?"

"शत्रूंनी त्याले हसासाठीच तिथं बसवलं होतं, खुशालराव. तुमी नाई बसले तर नाटकात राहते काय?"

तरी खुशालराव तालमीत माझ्या शेजारी उभं राहून गात, खुंट्याला मात्र शिवत नसत. मी नुसतं धुमसत असे.

वरूडच्या बाजारात मंडप भरला. डोळ्यांवर पट्टी, हातांत साखळ्या, असे खुशालराव आले आणि माझ्यापुढे बसले. बसले, मित्रांनो! त्यांनी खुंटा धरला तोच त्यांचा एक सोयरा ओरडला, "अरे खुशाल, पीठ बारीक काढजो!" सारा मंडप हसला. त्यांचा हात सुटला. मास्तर पायपेटीवर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिले.

खुशालरावांनी पुन्हा खुंटा धरला आणि ओढला. सुभद्राने माझ्या तोंडात खरी ज्वारी घातली होती. मी जड आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं! दोन फेऱ्यांतच दम लागला, तान तुटली, ओळ धापा टाकत बाहेर येऊ लागली. आधी बायकांची बाजू गप्प झाली. तो दम त्यांच्या ओळखीचा होता. मग पुरुषही गप्प झाले. हसणारा तो सोयरा मान खाली घालून बसला. खुशालराव शेवटपर्यंत ओढत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुभद्रा दळायला बसली. खुशालराव उठले, रस्त्याकडचं दार त्यांनी सताड उघडलं आणि तिच्या समोर येऊन बसले.

"एवढं जड असते. सांगितलं काहून नाई?"

"तुमी कधी इचारलं?" ती म्हणाली.

मग एका खुंट्यावर दोघांचे हात आले. त्या पहाटे मी जसं फिरलं तसं पुन्हा कधी फिरलं नाही.

पुढे गावात पिठाची चक्की आली आणि मी अंगणात आलं. माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. दगडाला काय होतंय! पण मित्रांनो, तुमच्या घरात कोण एकटं काय ओढतंय, ते विचारा. उद्यावर टाकू नका, आजच विचारा.