आडवा दरवाजा

आई दवाखान्यातून परत येणार नाही हे ज्या दिवशी घराला कळलं, त्या दिवशी सगळ्यात आधी एक आवाज बंद झाला. तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलेलं वाफेचं मशीन कित्येक महिने घरघरत होतं. बाबा बाहेरून आले, चपला न काढता झोपायच्या खोलीत गेले आणि त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. मागोमाग लेक आली. तिच्या हातात आईची शाल होती, घडी घातलेली. मला समजलं.

मग बाबा माझ्याजवळ आले. माझ्यावर एक अर्धवट गिटार होती. तिच्या पोटावर हात ठेवून ते उभे राहिले. भिंतीवरच्या मीटरकडे त्यांनी पाहिलं, परत त्या खोलीत गेले आणि बंद केलेलं मशीन पुन्हा सुरू केलं.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. दरवाजा म्हटल्यावर तुम्ही मला उभा समजाल, पण मी आडवा आहे. चार पायांवर पडून आहे आणि माझ्यावर गिटार बनवायचं काम चालतं. हे कसं झालं ते सांगतो. सगळं सलग सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. हल्ली माझं मन एका जागी राहत नाही. या घरात ते कुणाचंच राहत नाही.

मला एका मिस्त्रींनी घडवलं. सागाच्या जाड फळ्या शेजारी शेजारी जोडल्या, रंधा मारून सपाट केल्या आणि मला दोन खोल्यांच्या मधल्या चौकटीत बसवलं. एका बाजूला झोपायची खोली, दुसऱ्या बाजूला अडगळीची. माझ्यावर ना नक्षी होती ना खोबणी. मिस्त्री स्वतःच म्हणाले होते की हा दिसायला काही खास नाही, पण वाकणार नाही. ते माझं पहिलं कौतुक, आणि बरीच वर्षं शेवटचंही.

उघडायचं आणि मिटायचं, एवढंच माझं काम. घरातली लेक लहान असताना रुसली की मला आपटायची. पुढे ती मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि माझं आपटणं थांबलं. आठवण मात्र येते.

दमट दिवसांत मी फुगायचो. चौकटीत असा अडकायचो की बाबांना खांदा लावावा लागे. मग मिस्त्री येऊन माझी कड थोडी तासून जायचे. कोरड्या दिवसांत मी आकसायचो आणि माझ्या फटीतून पलीकडचा उजेड दिसायचा. झाड कापलं तरी लाकूड हवेतलं पाणी पितच राहतं, आणि हवा कोरडी झाली की ते सोडून देतं. एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

लेक त्यांना आई आणि बाबा म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई लहान मुलांच्या शाळेत गाणी शिकवायची, गिटार वाजवून. तिचा हात लहान आणि गिटारची मान रुंद. वय वाढलं तशी तिची बोटं दुखू लागली. मग ती गिटार कपाटावर गेली आणि तिच्यावर धूळ बसू लागली.

बाबा निवृत्त झाले आणि त्यांना घरात बसवेना. न गळणारे नळ उघडून पाहायचे, न कुरकुरणाऱ्या खुर्च्यांना खिळे मारायचे. माझ्या बिजागऱ्यांना तर इतकं तेल पाजलं की मी हात न लावताही हलायचो. शेवटी आई म्हणाली, "अहो, घरातली एकेक धड वस्तू तुम्ही दुरुस्त करून बिघडवणार आहात. त्यापेक्षा मला एक गिटार करून द्या. माझ्या हाताच्या मापाची."

तिने ते थट्टेत म्हटलं असेल. बाबांनी दुसऱ्याच दिवशी अडगळीची खोली रिकामी करायला घेतली.

ती खोली कशी बदलली ते मी चौकटीत उभा राहून पाहिलं. जुन्या ट्रंका गेल्या, कपड्यांची बोचकी गेली. खिडकीखाली उजेड चांगला येतो म्हणून तिथे कामाची जागा ठरली. भिंतीवर खुंट्या लागल्या आणि त्यांवर करवती, रंधे, पटाश्या आल्या. कपडे वाळत घालायची काठी कापून तिच्यावर लाकूड आवळून धरायचे क्लॅम्प लटकवले. लाकडी पट्ट्या वाकवायला बाबांनी लोखंडी पाइपाचा एक तुकडा आणला, तो आतून तापवायची सोय केली आणि पहिल्याच दिवशी त्यावर कोपर भाजून घेतलं. शेवटी हवेतला ओलावा दाखवणारं मीटर आलं, घड्याळासारखं गोल. गिटारचं लाकूड पातळ असतं. जिथे ते जोडायचं तिथली हवा फार ओली नको, फार कोरडीही नको.

सगळं आलं, पण काम करायला जड, सपाट फळी मिळेना. बाबा वखारीत जायचे, फळीला डोळा लावून बघायचे आणि वाकडी आहे म्हणून परत यायचे. असं बरेचदा झाल्यावर आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा काढा की," ती म्हणाली. "दार लावून बसण्यासारखं आपलं काय गुपित उरलंय आता?"

मला विचारलं कुणी नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू निघाले, त्या एका डब्यात गेल्या, मूठ निघाली आणि मी आडवा झालो. ते बघायला मिस्त्री आले होते. कमरेवर हात ठेवून हसत म्हणाले, "जन्मभर लोकांच्या लिफ्टची दारं लावून दिलीस आणि आता स्वतःच्या घराचं काढून बसलास होय!" दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, हे बाबांच्या तोंडी कायम असायचं, त्यावरच हा टोला होता. बाबाही हसले. पुढे ते वाक्य त्यांना किती लागणार आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मला आडवं असण्याची सवय नव्हती. सुरुवातीला अंगावरून रंधा सरकला की दचकायचो. पण मित्रांनो, खरं सांगू? माझ्या आयुष्यातले तेच दिवस मला सगळ्यात जास्त आवडतात. मुठीच्या जागेच्या भोकातून बाबांनी क्लॅम्प अडकवायची युक्ती काढली. माझ्या कडेवर त्यांनी आईच्या हाताचं माप खुणांनी कोरलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत तिचा पंजा माझ्यावर ठेवून घेतला आणि त्या मापाने गिटारची मान तासली. गिटारची पुढची पाटी निवडायची तेव्हा बाबा एकेक पाटी दोन बोटांत धरून टिचकी मारायचे आणि आई डोळे मिटून ऐकायची.

"ही नको. हिचा आवाज घशातच अडकतो," ती म्हणायची. मग एका पाटीवर ती थांबली. "परत वाजवा," म्हणाली. बाबांनी परत टिचकी मारली. "हीच."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचं खोकणं वाढलं. चालताना तिला दम लागू लागला. मग पलंगावरून उठणं कमी झालं. डॉक्टरांनी खोलीतली हवा ओलसर ठेवायला सांगितलं आणि ते मशीन आलं. दिवसभर त्यातून पांढरी वाफ निघायची.

दोन खोल्यांच्या मधे आता दरवाजा नव्हता. तो माझ्या रूपाने खिडकीखाली पडला होता. वाफ सरळ इकडे यायची. मीटरचा काटा ओल्या बाजूला झुकला आणि तिथेच राहिला. मी फुगलो, ती निवडलेली पाटीही फुगली. बाबांनी रिकाम्या चौकटीत प्लास्टिकचा पडदा लावला. काटा जरा खाली आला. पण पलीकडून आईचा आवाज आला, "अहो, ते काढा. तुम्ही काय करताय ते दिसत नाही मला."

बाबांनी पडदा काढला.

मग ते तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी तिला समजावलं. पाटी पाणी प्यायली आहे. आता तिच्या मागे आधाराच्या पट्ट्या चिकटवल्या, तर पुढे हवा कोरडी झाल्यावर पाटी आकसेल, पट्ट्या तिला आकसू देणार नाहीत, आणि ती फाटेल. हवा सुधारेपर्यंत थांबायला हवं.

"लाकडाला घाई नसेल," आई म्हणाली. "मला आहे."

बाबांनी सरस तापवला. सगळं माहीत असून त्यांनी पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक क्लॅम्प आवळताना ते चौकटीतून तिच्याकडे बघायचे आणि ती उशीला टेकून यांच्याकडे. पाठ लागली, पोट बंद झालं. मान तयार होती, फक्त बसवायची होती. बाबांनी ते पोट आईच्या मांडीवर नेऊन ठेवलं. तिने बोटांनी त्यावर ठेका धरला आणि काहीतरी गुणगुणली. पुढच्याच आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं.

आता तुम्हाला कळलं असेल की बाबांनी मशीन परत का सुरू केलं. हवा कोरडी झाली असती तर पाटी फाटली असती. आईने निवडलेली पाटी.

लेक काही दिवस राहिली. बाबा रोज सकाळी मशीनमध्ये पाणी भरतात हे तिने पाहिलं. पलंगावर कोणी नाही आणि वाफ निघते आहे, हे तिला बघवत नव्हतं. भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरली. गादीला वास येऊ लागला. बाबा या खोलीतून त्या खोलीत जायचे, पटाशी उचलायचे, तिची धार अंगठ्यावर बघायचे, ठेवून द्यायचे. मान उचलायचे, खाचेत घालून बघायचे, काढायचे. मीटरसमोर जाऊन उभे राहायचे. जेवायला बसले की अर्ध्यातून उठून मशीनमधलं पाणी बघून यायचे. मी पडल्या जागी फुगलेला, आणि माझ्या प्रत्येक जोडातून कुरकुर यायची.

एकदा लेक माझ्या काठाला टेकून उभी राहिली. "बाबा, आई नाहीये आता," ती म्हणाली. "मशीन कुणासाठी चालू आहे?"

बाबांनी तिला गिटार दाखवली, आणि काय होईल ते सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं की फाटली तर जोडता येते का. बाबा म्हणाले, येते. फटीत त्याच लाकडाची बारीक चीप बसवायची, आतून छोटे तुकडे लावायचे. पाटीचा उरलेला तुकडा भिंतीवरच्या फळीवर होताच.

"मग फाटू दे ना," ती म्हणाली. "असं किती दिवस पाणी घालणार तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन ते मशीनपर्यंत गेले आणि तसेच परत आले. तांब्यातलं पाणी त्यांनी स्वतः पिऊन टाकलं.

ते दिवस मला विसरता येत नाहीत. मशीन गप्प होतं आणि आम्ही सगळे वाट पाहत होतो. काटा हळूहळू सरकत होता. मी आकसत होतो, माझ्या फळ्यांच्या मधे पुन्हा फटी दिसू लागल्या. बाबा खोलीबाहेर गेले की लगेच परत यायचे. भांडं पडलं तरी धावत यायचे. लेकीने एकदा शेंगा सोलल्या, त्या आवाजालाही ते उठले. तिने मग शेंगा सोलणंच सोडलं.

आणि एका दुपारी, दोघंही इथेच असताना, टक् असा आवाज झाला. फार मोठा नाही. बोटं मोडल्यासारखा.

पाटीवर उभी भेग गेली होती. बाबांनी खिडकी पूर्ण उघडली, भेगेवर बोट फिरवलं, मग माझ्यावर दोन्ही कोपरं टेकली आणि तोंड हातात धरलं. दवाखान्यातून आल्यापासून ते रडले नव्हते. लेक त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. नंतर ते गाढ झोपले, दिवसाउजेडी, खुर्चीतच.

भेग आता जोडली आहे. बोटाला लागते, नजरेला चटकन दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचा दरवाजा दमट दिवसांत अडकला तर त्याला लाथ घालू नका. त्याच्या आत पाणी आहे, ते जाईल. घाईने तासला, तर कोरड्या दिवसांत त्याची फट कायमची राहते. कपाटावर एखादं वाद्य धूळ खात असेल, तर ते खाली काढा, पुसा. आणि ज्याच्यासाठी ते आणलं होतं, तो माणूस घरात असेल, तर त्याच्या हातात आजच द्या.

लेक परत जायला निघाली तेव्हा तिने गिटारची मान हातात घेऊन पाहिली. तिचा पंजा बाबांवर गेला आहे, मोठा. तिची बोटं त्या मानेवर एकमेकांना अडत होती. बाबांनी आपला हात लावून पाहिला, तोही बसला नाही. दुसरी, रुंद मान करता येईल, असं ती म्हणाली. बाबा म्हणाले, बघू. तिने चौकटीकडे बघून माझ्याबद्दलही विचारलं, हा परत लावायचा का. त्यालाही बाबा बघूच म्हणाले.

बिजागऱ्या डब्यात आहेत. तारा पाकिटात आहेत. रोज सकाळी बाबा ती लहान मान खाचेत घालतात, बघतात आणि काढून माझ्यावर ठेवतात. ती अजून चिकटवलेली नाही.