उन्हातली बाटली

त्या काळी मळ्यात फ्रीज नव्हता, पण विहीर होती. साल असेल त्र्याण्णव. कागलपासून दीड कोस आत अण्णासोचा ऊस, उसाच्या पोटात विहीर, आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळीच त्या विहिरीत एक पोतं उतरायचं. पोत्यात बिअरच्या चार बाटल्या. चुलीवर मटण शिजेपर्यंत त्या आत निवांत न्हायच्या, आणि वर चौघेजण आंब्याखाली पालथे पडून जगातल्या सगळ्यांची निंदा करायचे.

चौघांतला केरबा ट्रॅक्टर चालवायचा. सयाजी गाणारा, उभ्या उभ्या कवन जुळवायचा. आणि शशिधर. त्याचं कागलच्या बाजारपेठेत दोरखंडाचं दुकान होतं. पोतं ज्या दोराला लटकायचं तो दोर त्याच्याच दुकानातला. मटणाला तो हात लावत नसे, त्याच्यासाठी अण्णासोची बायको आक्काताई वेगळी आमटी करायची. घरी बिअरचं नावही काढायची सोय नव्हती, म्हणून महिन्याचा तो एक रविवार त्याला सणासारखा. अंगाला काथ्याचा वास घेऊन तो सगळ्यांत आधी यायचा आणि सगळ्यांत शेवटी उठायचा. अण्णासोचा जीव सगळ्यांत जास्त त्याच्यावरच.

एकदा चैत्रात अण्णासोचे दाजी, गणपतराव, न सांगता मळ्यात आले. बहिणीचा नवरा, त्यात तोंडाचा तिखट. बाटल्या चार, माणसं पाच. केरबा लुनावर जाऊन आणखी एक घेऊन आला, पण तीन मैल उन्हातनं आलेली ती बाटली तव्यासारखी तापलेली. पोतं वर आलं. दाजींच्या हातात पहिली गार बाटली गेली. अण्णासो ती तापलेली हातात धरून उभा होता, तेवढ्यात शशिधर म्हणाला, "ती हिकडं दे. मला गार सोसत न्हाय. गळा धरतोय माझा."

"बीर बी कोमट?" दाजींनी डोळे वटारले.

"मला तशीच गोड लागती, पावणं."

त्या दिवशी अण्णासोला आपल्या मित्राची आवड कळली, आणि त्यानं ती मनापासून जपली. पुढच्या रविवारपासून पोत्यात तीनच बाटल्या जायच्या. चौथी अण्णासो स्वतःच्या हातानं विहिरीच्या काठावर मांडायचा, ऊन सरकेल तशी सरकवायचा, की सावली पडायला नको. पोतं वर ओढताना सयाजी हमखास सूर लावायचा,

*तिघी बहिणी न्हाल्या गं गार पाण्यात,*
*चौथी सवत शशाची, उभी उन्हात.*

सगळे हसायचे. शशिधरही हसायचा. "लेकानो, तुमास्नी चव कळाय सात जलम जातील," असं म्हणून घोट घोट करत प्यायचा. अशी पाच वर्षं गेली.

अठ्ठ्याण्णव साली उसाला बरा भाव लागला आणि मळ्यातल्या खोलीत फ्रीज आला. त्या रविवारी केरबानं फ्रीजला हार घातला. चैत्रच होता, उसाचं पानही हलत नव्हतं. शशिधर कागलहून सायकलवर आला, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, आणि आल्या आल्या फ्रीज उघडून त्यानं एक बाटली बाहेर काढली. बाटलीवर दव धरलं होतं. त्यानं ती नुसती हातात धरली होती.

अण्णासो धावला. "आरं आरं, ती तुझी न्हवं मर्दा! तुझी ठेवलीया की बाहीर!" त्यानं हातातली बाटली काढून घेतली आणि काठावरची, सकाळपासून उन्हात शेकलेली, आणून दिली. "गार सोसत न्हाय त्यानं फ्रीजला हात लावू नये. तुला पायजे तर चुलीवर ठिऊन देतो की!"

सयाजीनं सूर लावला. केरबा हसून हसून खोकला. शशिधर अर्धी बाटली प्याला, "दुकानात माल यायचाय" म्हणाला, आणि सायकल घेऊन गेला. त्यानंतर तो मळ्यात आला नाही.

भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. हे भांडणही नव्हतं. बाजारात भेटला की "बरं हाय का?" "बरं हाय." दोन वेळा अण्णासो बोलवायला गेला, दोन्ही वेळा दुकानात माल यायचा होता. तिसऱ्यांदा अण्णासोचा अभिमान आडवा आला. मग सयाजी वारला. केरबा चंदगडला पोराकडे गेला. विहिरीवर मोटर बसली, रविवारची दुपार नुसती दुपार झाली. आपण असं काय केलं, हे कोडं मात्र अण्णासोच्या उराशी अकरा वर्षं तसंच राहिलं.

दोन हजार नऊच्या थंडीत तो लेकीकडे, अक्षताकडे, पुण्याला गेला. जावई अतुल हौशी. "मामा, चला, बिअर तयार करतात तिथंच पिऊया," म्हणून घेऊन गेला. काचेच्या पलीकडे स्टीलची भलीमोठी पिंपं, अलीकडे पोरंपोरी. अण्णासोपुढं दोन ग्लास आले. एक पिवळाधमक आणि बर्फासारखा. दुसरा तांबूस, काकवीच्या रंगाचा, आणि बेताचाच गार.

"मामा, ही लागर. थंडीत महिनाभर मुरवतात. तुम्ही जन्मभर प्यायलात ती सगळी हीच. आणि ही तांबडी, ही एल. उबेत होते, आठपंधरा दिवसांत. ही फार गार करायची नसते, केली की वास झोपतो तिचा."

"म्हंजी किती गार?"

"आपल्या विहिरीच्या पाण्याइतकी. त्याहून जरा जास्तच गार समजा."

अण्णासोनं तांबड्या ग्लासाला नाक लावलं. गुऱ्हाळावर काहील उतरताना येतो तसा वास, मागं संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. त्यानं घोट घेतला आणि त्याचा हात तिथंच थांबला. डोळ्यांपुढं काठावर उन्हात उभी असलेली एकटी बाटली आली.

"म्हंजी जगात अशी बी पितात?"

"सायबाच्या देशात तर अशीच."

"आणि आमी त्याला खुळ्यात काढला," अण्णासो म्हणाला. कुणाला, ते अतुलला कळलं नाही.

अतुलनं ओळखीनं एक बाटली भरून घेतली. दोन दिवसांत प्यायची, हलवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. अण्णासोनं ती ओल्या पंच्यात गुंडाळली आणि एसटीत पुण्यापासून कागलपर्यंत मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या बाईनं विचारलं, "औषध हाय व्हय?"

"व्हय," अण्णासो म्हणाला. "जुन्या दुखण्यावरचं."

दुकानात काथ्याचा तोच वास होता. शशिधर चष्मा लावून सुतळीची गुंडी करत होता. केस सगळे पांढरे.

"माल यायचाय म्हणू नगंस," अण्णासो उंबऱ्यातूनच म्हणाला. "आज तुझाच माल घिऊन आलोय. चल मळ्यात."

शशिधरनं पंच्याकडे पाहिलं, मग अण्णासोकडे. काय दिसलं कोण जाणे, त्यानं आतल्या बाजूला सुनेला हाक दिली, "विद्याश्री, जरा बघ गं दुकानाकडं," आणि चपला पायात सरकवल्या.

विहिरीचा काठ आता सिमेंटचा होता, पण जुना दोर आंब्याला गुंडाळलेला होता. अण्णासोनं बाटली पोत्यात घालून अर्धा तास पाण्यात सोडली. बाटलीवर लक्ष ठेवून दोघं बसले. मग स्टीलच्या दोन पेल्यांत तांबडी बिअर पडली.

"शशा, माझं चुकलं," अण्णासो म्हणाला. "तुझी चव सायबाची हुती. आमाला गाढवांना काय कळणार! ही बघ, कोमटच प्यायची असती ही. तू त्येच म्हणत हुतास, आनि आमी गानी लावत हुतो तुझ्यावर."

शशिधरनं घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला.

"अण्णा, खरं सांगू? मला गारच आवडती."

"आं?"

"पयल्यापास्नं. त्या दिशी तुझं दाजी आलतं. गरम बाटली हातात घिऊन हुबा हुतास. दुसऱ्या कुनाला दिलीस तर त्यो गावभर सांगणार, सोता पेलास तर त्येच्यासमोर तुझी शोभा. म्हनून बोललो. एका दिसापुरतं बोललो रं, यप्पा!" तो हसायला लागला. "फुडच्या रविवारी बघतो तर तू माझी बाटली उन्हात मांडलीयास. इतक्या मायेनं सरकवत हुतास, आता न्हाय कसं म्हनू? पाच वर्सं उकळलेली बीर पेलो मी."

अण्णासोनं हातातला पेला काठावर ठेवला.

"मग फिरिज आला. म्हटलं सुटलो. आज कोन इचारतंय! हातात धरली बी हुती गार. आनि तू हिसकून घेतलीस." शशिधरनं चष्मा काढून पुसला. "राग तुझा न्हाय आला. येवढ्यासाठी डोळ्यात पानी आलं, त्येची लाज वाटली. मग रोज वाढत गेलं त्ये."

"सांगायचं हुतंस की गाढवा."

"काय सांगू? पाच वर्सं खोटं बोललो म्हनू?"

अण्णासो उठला. खोलीतल्या जुन्या फ्रीजमधून त्यानं एक बाटली काढली, साधीच, नेहमीची. तिच्यावर दव धरलं होतं. ती त्यानं दोन्ही हातांनी, ताट वाढावं तशी, शशिधरपुढं धरली.

शशिधरनं ती आधी गालाला लावली. डोळे मिटले. मग तोंडाला लावून लांब घोट घेतला आणि एकदम जबडा धरून कळवळला.

"आयायाया! दाढ, दाढ!"

"काय झालं?"

"आता खरंच सोसत न्हाय रं, अण्णा!"

दोघं हसले ते विहिरीतून परत ऐकू आलं. शशिधर गाल चोळत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बाटली काही त्याच्या हातातून सुटत नव्हती. अण्णासोनं हळूच हात पुढं केला. "आण, जरा ऊब लागू दे तिला."

"उन्हात ठेवलीस तर बघ!" शशिधर ओरडला, बाटली सावलीत ओढून घेतली आणि तोंडाच्या डाव्या बाजूनं पुढचा घोट घेतला. अण्णासोनं तांबडा पेला उचलला. बाटली संपेपर्यंत, उन्हाची तिरीप सरकत जवळ आली की, तोच ती सावलीकडं सरकवत राहिला.