थंड पाण्याच्या जागा

“माझे दगड कुणी हलवले?” एव्हेलिओने परसातून ओरडून विचारलं.

मी स्वयंपाकघरात पातेली गोणीत भरत होते. रेडिओवर हवानाची बाई सकाळपासून तेच तेच सांगत होती. वादळ उद्या संध्याकाळी दक्षिण किनाऱ्याला धडकणार, सखल भागातल्या लोकांनी आज चार वाजता ट्रकमध्ये बसावं, डुकरं-कोंबड्या बांधून न्याव्यात. आणि माझ्या नवऱ्याला दगडांची पडली होती.

“तूच हलवलेस,” मी म्हटलं. “काल खुराड्यामागे रचून ठेवलेस. मला म्हणालास, झोइला, इथे सावली आहे.”

“दगडांना सावली कशाला?”

“मीही हेच विचारलं होतं, म्हाताऱ्या. उत्तर दिलं नाहीस.”

तो हसला, मीही हसले. वर्षभर आम्ही असंच हसण्यावारी नेत होतो.

एव्हेलिओने आयुष्यात मोठं असं काही केलं नाही. जाळी विणली, फाटली की सांधली, घराला पुरतील तेवढे मासे आणले. पण आमच्या सांता रूफिना गावात त्याला एक मान होता. वादळ येणार असं कळलं की गावातल्या नऊच्या नऊ होड्या तो खाडीत आत नेऊन बुडवायचा. तळाचं बूच काढायचं, दगड भरायचे, होडी तळाला बसवायची. तळाशी बसलेल्या होडीचं वारा काही वाकडं करू शकत नाही. वादळ सरलं की दगड उचलायचे, होडी वर आणायची, पाणी उपसून उन्हात टाकायची. असं बऱ्याच गावांत करतात. आमच्याकडे मात्र एक जास्तीचा नियम होता. होड्या कुठे आहेत ते एकाच माणसाला ठाऊक असायचं. फार वर्षांपूर्वी एकदा लोक ट्रकमधून परत यायच्या आत दोघा भावांनी दोन चांगल्या होड्या वर काढल्या आणि समुद्र ओलांडून कायमचे निघून गेले. त्यानंतर गावाने ठरवलं, खूण करायची नाही, बघायला जायचं नाही, सगळं एका डोक्यात ठेवायचं. ते डोकं माझ्या नवऱ्याचं. त्यानंतर अकरा वादळं आली, एकही होडी हरवली नाही.

त्या डोक्याला आता भोक पडलं होतं. आधी कॉफीचं भांडं चुलीवर जळालं, ते कुणाचंही जळतं. मग पाव आणायला गेलेला माणूस बसथांब्यावर सापडला. जायचं कुठे होतं ते त्याला सांगता येईना. एका संध्याकाळी त्याने मला विचारलं, आई कधी येणार? सासूबाईंना जाऊन तीस वर्षं झाली होती. मी कुणाला काही बोलले नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, ऊन लागलंय त्याला, हल्ली कमी ऐकू येतं. मी झाकत गेले आणि झाकण्यात पटाईत झाले. पण नऊ होड्या झाकायच्या कशा? नऊ घरांच्या चुली त्यांच्यावर पेटत होत्या.

मी हात पुसले आणि ओरेस्तेसकडे गेले.

ओरेस्तेस आमच्या कोळ्यांच्या सोसायटीचा प्रमुख, एव्हेलिओचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या होडीचं नाव ‘एल्सा’, वारलेल्या बायकोचं. तो शिडीवर चढून कचेरीच्या खिडकीला फळ्या ठोकत होता.

“यंदा होड्या दुसऱ्या कुणाला तरी बुडवायला सांग,” मी खालूनच म्हटलं.

त्याने तोंडातले खिळे काढले. “का? गुडघा धरलाय का त्याचा?”

“डोकं.”

तो खाली उतरला. मी सगळं सांगितलं, कॉफीपासून सासूबाईंपर्यंत. सांगताना मला इतकं हलकं वाटत होतं की माझीच मला लाज वाटली.

“किती दिवस झाले?”

“वर्ष झालं.”

“आणि आता सांगतेस, बाई? वादळ दारात आल्यावर?”

“मला वाटलं, यंदा येणारच नाही.”

त्याने हातोडी शिडीच्या पायरीवर ठेवली. “मी त्याला बर्फघराचं छप्पर दोराने बांधायला पाठवतो. माझे जावई करतील होड्यांचं.”

“मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस.”

“वेडी आहेस का तू,” तो म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले.

बर्फघराच्या छपरावर एव्हेलिओ अर्धा तासही टिकला नाही. दुपारी मी त्याला जेवायला बोलवायला गेले तर शिडी होती, दोर होता, माणूस नव्हता. तो कुठे असणार ते मला विचारायला नको होतं.

खाडीच्या तोंडाशी ओरेस्तेस काठावर उभा होता आणि त्याचे दोन्ही जावई कमरेइतक्या पाण्यात होते. पाच होड्या बुडवून झाल्या होत्या. वेळ कमी होता म्हणून या खेपेला नियम गुंडाळून ठेवला होता. काठावरच्या तिवरांना रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. एव्हेलिओ त्या चिंध्यांकडे बघत उभा होता.

“हे काय रे बांधलंय?”

“खुणा, काका,” थोरला जावई राउदेल म्हणाला. “लाल ती सासऱ्यांची, निळी ती फेलिसियानोची.”

“उद्या झाडं राहतील का?”

“तिवर कुठे जातंय, काका? मुळं तरी बघा त्याची.”

“आणि इथे खाली वाळू आहे. वाळूत कधी होडी ठेवतात का? आत न्या, झऱ्यांवर न्या. पायाला थंड पाणी लागेल तिथे थांबायचं. खाली खडक असतो, झऱ्याच्या जोराने वाळू बसत नाही. डोळे मिटून चाललं तरी पायाला कळतं.”

राउदेलने सासऱ्याकडे बघितलं. सासऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं, ऐका त्याचं. दोन शब्द. पण मला सकाळचे दगड आठवले. चार वाजता ट्रक येणार होता, आतल्या चिखलात माणूस मांडीपर्यंत रुततो, आणि ते झरे दुसऱ्या कुणी पाहिले नव्हते. मी गप्प बसले.

“वेळ नाही रे,” ओरेस्तेस म्हणाला. “आणि तुझा गुडघा दुखतोय ना? पोरांना करू दे.”

“माझा गुडघा कुठे दुखतोय?” एव्हेलिओने आधी गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “झोइला, माझा गुडघा दुखतो का गं?”

“दुखतो,” मी म्हटलं.

“बरं,” तो म्हणाला.

घरी येताना तो थोडा लंगडत होता.

आम्हाला वीस किलोमीटर आतल्या एका शाळेत ठेवलं. एका वर्गात सहा कुटुंबं, व्हरांड्यात डुकरं, कोपऱ्यात डॉमिनो. भात आणि काळा घेवडा मिळाला, दुसऱ्या दिवशी उकडलेली माळांगा, अळकुड्यांसारखे कंद, तीही मिळाली. मग वारा सुरू झाला. एव्हेलिओ गाढ झोपला होता. उठला तेव्हा त्याचा चेहरा इतका निवांत होता की मला लग्नाच्या वेळचा तो आठवला.

“आपल्या होड्या मात्र झकास बसल्या हां,” तो मोठ्याने म्हणाला. “नऊ होड्या, नऊ झरे. ‘एल्सा’ सगळ्यात आतल्या झऱ्यावर ठेवली. ओरेस्तेस, काळजी करू नकोस.”

डॉमिनो खेळणारे हात थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“छान बसवल्यास,” मी म्हटलं.

“दमलो पण.”

“दमणारच. नऊ होड्या म्हणजे काय गंमत आहे?”

ओरेस्तेसनेही मान हलवली. “उपकार झाले बघ तुझे,” तो म्हणाला. राउदेलने खाली बघत सोंगटी लावली. मला तेव्हा इतका आनंद झाला, काय सांगू. वाटलं, आम्ही केलेला अपमान तो विसरला, त्या विसराळूपणाने एकदा तरी आमच्यावर दया केली. मी त्याला माझ्या वाटची माळांगा दिली.

तिसऱ्या दिवशी परत आलो. आमच्या घराच्या भिंती होत्या, छप्पर नव्हतं. खुराडं, कोंबड्यांची जाळी, परसातली चूल, काहीच नव्हतं. त्याचं मला फार वाटलं नाही, छपरं परत घालता येतात. मग खाडीवर गेलो. तोंडाशी एक तिवर उभं राहिलं नव्हतं. लाल नाही, निळी नाही, चिंधी बांधायला फांदीच उरली नव्हती. खाडीचं तोंड शंभर पावलं पलीकडे सरकलं होतं आणि आधी जिथे पाणी होतं तिथे वाळूचा बांध पडला होता. राउदेल आणि त्याचा साडू लोखंडी सळ्या घेऊन चार दिवस टोचत फिरले. दोन होड्या मिळाल्या. एकीचा तळ फुटला होता. बाकीच्या सात वाळूने गिळल्या.

एव्हेलिओ पहिल्या दिवसापासून पाण्यात होता. तो तोंडाकडे गेलाच नाही, सरळ आत शिरला. डोळे मिटून, हात पुढे करून एकेक पाऊल टाकायचा. मी काठावर बसून होते. मला वाटलं, फिरू दे, दमला की येईल बाहेर.

“इथे,” तो ओरडला. “थंड लागतंय. खडक आहे.” त्याने बुडी मारली. वर आला तेव्हा पाण्याबरोबर काहीतरी गिळल्यासारखा दिसत होता. “नाही,” तो म्हणाला.

थोडं पुढे जाऊन परत, “इथे.” परत बुडी. “नाही.”

चौथ्यांदा तो थांबला तेव्हा मी परकर वर खोचला आणि पाण्यात शिरले. चिखलातून रुतत त्याच्याजवळ पोचले आणि जिथे तो उभा होता तिथे पाय ठेवला. खालून इतकं थंड पाणी येत होतं की घोट्यांना कळ लागली. पायाखाली खडक होता, स्वच्छ, हाताने पुसल्यासारखा. वाळूचा कणही नव्हता. तो पुढे चालत गेला, मी त्याच्यामागे गेले. पाच, सहा, सात. नऊ झरे त्याने मला डोळे मिटून दाखवले, एकही चुकला नाही. नऊच्या नऊ होड्या इथे अशाच बसून राहिल्या असत्या. मी घालवल्या त्या. माझ्या तोंडाने घालवल्या.

त्याने मात्र ते उलटं धरलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो ओरेस्तेसच्या दारात जाऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

“मला माफ कर,” तो म्हणाला. “मी झऱ्यावर ठेवली होती. माझं काय चुकलं ते मला कळत नाही. एल्साची होडी होती ती.”

“अरे, तू नाही रे बुडवल्या!” ओरेस्तेस ओरडला. “आम्ही बुडवल्या. माझ्या जावयांनी. तू तर सांगत होतास, वाळूत ठेवू नका म्हणून.”

एव्हेलिओ त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, “तू चांगला माणूस आहेस. पण माझ्यासाठी खोटं बोलू नकोस.”

तो प्रत्येक घरी गेला. ज्यांची होडी गेली त्या सातही घरी गेला, आणि ज्यांची सापडली त्यांच्याकडेही, कारण एकीचा तळ फुटला होता. फेलिसियानोच्या बायकोने त्याला बसवून साखर घातलेली कॉफी दिली आणि तो गेल्यावर मला मिठी मारून रडली. दुसऱ्या दिवशी तो परत सगळीकडे गेला. आदल्या दिवशी आपण येऊन गेलो हे त्याला आठवत नव्हतं. लोकांनी परत ऐकून घेतलं.

मी त्याला समोर बसवलं. “एव्हेलिओ, ऐक. तू होड्या बुडवल्याच नाहीस. तुझ्याकडून काम काढून घेतलं होतं.”

तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला की जणू मला ताप चढलाय. “शाळेत तूच म्हणालीस ना, छान बसवल्यास म्हणून?”

सगळं विसरणाऱ्या माणसाच्या लक्षात हेच एक वाक्य राहिलं होतं. मी उठून भिंतीवर ताडपत्री ओढत बसले.

सहाव्या दिवशी दुपारी तो पाण्यातून बाहेर आला. पाय पांढरे पडले होते, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या. मी त्याला ओंडक्यावर बसवलं आणि खोबरेल लावून तळवे चोळायला लागले. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पलीकडे राउदेल अजूनही सळी टोचत होता, त्याला ऐकू जाणार नाही याची खात्री करून घेतली. मग माझ्याकडे वाकला.

“एक सांगू? कुणाला बोलणार नाहीस ना?”

“नाही.”

“माझं डोकं ठीक नाही, झोइला. वर्ष झालं. गोष्टी जातात. तुला मुद्दाम सांगितलं नाही, तू घाबरली असतीस. झाकत आलो.” त्याने माझा हात धरला. “आता एवढंच कर. ओरेस्तेसला कळू देऊ नकोस. त्याचा विश्वास आहे माझ्यावर. कळलं तर हे काम तो दुसऱ्या कुणाला तरी देईल.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं.

“शपथ?”

“शपथ.”

त्याने समाधानाने मान हलवली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला आणि परत पाण्यात उतरला.