शिक्षा वाढवून मिळावी

दंड भरून झाल्यावर कुंडलिक पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. पुढचा आरोपी तिथे आधीच होता; तो बिचारा बाजूला सरकला.

"अहो, तुमचं झालं की," शिपाई म्हणाला.

"न्हाय झालं. साहेब, मला एक दिस तरी आत टाका."

शिक्षा कमी करा म्हणून रडणारे सोलापुरात रोजचेच. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढून कुंडलिकच्या वकिलाकडे पाहिलं. वकील इंद्रजीतने कपाळाला हात लावला. अपील करतो म्हणून पाय आपटणाऱ्या अशिलाला त्यानेच मघाशी समजावलं होतं, की नुसत्या शंभर रुपये दंडावर अपील होत नाही; कोर्ट उठेपर्यंत बसायची कैद जरी झाली असती, तरी करता आलं असतं. म्हणजे शिक्षा कमी पडली, असा अर्थ कुंडलिकने काढला. तो चुकीचा नव्हता, हीच पंचाईत.

"मला तीन वर्षांपर्यंत कैद देता येते," साहेब म्हणाले. "या कलमाखाली वर्षभर. पण निकालावर सही झाली. आता मलाही त्यात बदल करता येत नाही."

"मग कुणाला येतो?"

साहेबांनी पुढचं प्रकरण पुकारायला लावलं.

कुंडलिक गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होता. दुसऱ्यांची भांडणं मिटवणाऱ्या माणसाला थप्पड मारल्याबद्दल शिक्षा झाली, हे गावात कोणत्या तोंडाने सांगायचं, त्याला कळत नव्हतं. झालं होतं एवढंच: हळदीच्या पंगतीत सिद्धारामने जेवता जेवता कुंडलिकच्या लेकीचा विषय काढला. माहेरी आली ती राहिलीच, कुणी नेतही नाही, म्हणून हसला. तेवढ्यात लाईट गेली आणि फाडकन आवाज झाला. लाईट आली तेव्हा सिद्धारामचा हात गालावर होता आणि समोर आमटीची बादली घेऊन कुंडलिक उभा.

बाहेर लिंबाखाली तीच लेक, संस्कृती, थांबली होती. पोलीस भरतीत पास होऊन ती नेमणुकीच्या पत्राची वाट बघत होती. तिच्या आधी सिद्धारामच पुढे आला.

"काका, माज्या थोबाडाची किंमत शंभरच व्हय? मी पण वरच्या कोर्टात जातो."

"तुला जाता येत नाही," इंद्रजीत म्हणाला. "शिक्षा कमी झाली म्हणून सरकार जाऊ शकतं."

"सरकारच्या कुटं कानाखाली बसलीय?"

"बरोबर हाय त्याचं," कुंडलिक म्हणाला. फिर्यादी आणि आरोपी यांचं प्रथमच एकमत झालं.

इंद्रजीतने काळा कोट काढून हातावर घेतला.

"एक वाट आहे. सेशन कोर्टात फेरतपासणीचा अर्ज टाकू. तुमच्या हातात बादली होती आणि यानं अंधारात हात ओळखला कसा, हा मुद्दा धरू. केस परत खाली आली, की पंगतीतले सगळे साक्षीला बोलावू. याच्या जवळ कोण होतं, भाकरी कोण वाढत होतं..."

सिद्धाराम एकाएकी बुटाची लेस बांधायला वाकला.

"अप्पा," संस्कृती म्हणाली, "भाकरी मी वाढत हुते."

कुंडलिकने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली नाही.

"आन् त्या वक्ताला मी..." ती पुढे सांगू लागली.

"गप. अर्ज नगो, वकीलसाहेब. मीच मारली."

"अहो, इतके दिवस तुम्ही मारलीच नाही म्हणत होता..."

"इसरलो हुतो."

"आणि बादली?"

"खाली ठिवली आसंल."

"समितीचं अध्यक्षपद जाईल की तुमचं!"

"जाऊ द्या."

इंद्रजीतने सिद्धारामकडे पाहिलं. तो घाईघाईने उभा राहिला.

"व्हय, काकाच. मी पैल्यापासनं त्येच सांगतोय न्हवं? बाईमाणसाचा हात का काय मला कळत न्हाय?"

बाईमाणसाचं नाव कुणीच काढलेलं नव्हतं. इंद्रजीतने कोट पुन्हा अंगात घातला.

"लई लागलं हुतं का रं?" कुंडलिकने हळूच विचारलं.

"लई, काका. कानात शिट्टीच वाजाया लागली."

कुंडलिक वळसंगची एसटी गाठायला निघाला आणि लेकीला आपलं तोंड दिसू नये म्हणून तिच्या पुढे चालत राहिला. हसू काही केल्या आवरत नव्हतं.